मुकर्रमने दिलेला हत्ती

कोकंदच्या मोज्यांच्या कारखान्यात मुकर्रम जोड्या लावायची. यंत्रातून मोजे सुटे पडत. लांबी, वीण आणि रंगाची झाक बघून त्यातले दोन सारखे निवडायचे, एकात एक घालायचे आणि पुढे सरकवायचे, हे तिचे काम. दिवसभर तेच. मला ती ओपा म्हणायची, म्हणजे ताई. कंटाळा येत नाही का, असे मी एकदा विचारले, तर म्हणाली, "ओपा, दोन मोजे सारखे कधीच नसतात. त्यातल्या त्यात कमी भांडणारे दोन शोधायचे. वेळ कसा जातो कळत नाही."

तिच्या सासरचे अंगण आणि आमचे अंगण यांच्यामध्ये मातीची भिंत होती आणि भिंतीत एक बुटके दार. मन्सूरशी लग्न करून बेळगावहून मी या गावात आले, अध्यापक विद्यालयात इंग्रजी शिकवू लागले, त्याला बरीच वर्षे होऊन गेली होती, तेव्हा एका सकाळी ती त्या दारातून नव्या नवरीचा सलाम करायला वाकून आत आली. सलाम झाल्यावर तिची नजर आमच्या खिडकीतल्या बुद्धिबळाच्या पटावर गेली. मोहरी कुणीतरी शोभेसाठी मांडली होती. ती हळूच म्हणाली, "ओपा, तुमचा राजा आणि वजीर एकमेकांच्या जागी उभे आहेत." तशी आमची ओळख झाली.

ती लहान असताना हाशिम दोमलांनी तिला पटावर बसवले होते. दोमला म्हणजे गुरुजी. शाळेत ते गणित शिकवत आणि संध्याकाळी तेलगिरणीच्या सभागृहामागच्या खोलीत बुद्धिबळाचा वर्ग घेत. पोरीला स्पर्धेसाठी परगावी कसे पाठवायचे म्हणून तिचा बाप अडून बसला, तेव्हा दोमला त्याच्या घरी गेले आणि तो हो म्हणेपर्यंत त्यांनी पुढ्यातल्या चहाला हात लावला नाही. तिच्या लग्नात, पेटीतल्या रजयांच्या घड्यांमध्ये, त्यांनी स्वतःचा अक्रोडाच्या लाकडाचा पट ठेवला. "एक बाप घरचा, एक पटावरचा," असे ती सांगायची. दोमलांना ते फार आवडे. ते पुन्हा म्हणायला लावत.

नवरा तोलिबजोन ट्रक चालवायचा. मोठा शांत माणूस. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, शेगडीवरच्या रजईत पाय घालून, तिने त्याला खेळ शिकवला. बायकोकडून रोज हरून हसणारा आमच्या गल्लीतला तो एकटाच पुरुष. पुढे तो तिचा सरावाचा गडी झाला. ती नवीन काही शोधून काढी तेव्हा पांढरी मोहरी घेऊन समोर तोच बसे.

अडचण होती ती सासूची, होजार-ओयींची. त्या वाईट नव्हत्या, पण तोंडाच्या फटकळ. "आमची केलिन," सुनेबद्दल त्या मला सांगत, "लाकडाच्या घोड्यांना दाणापाणी घालते आणि खऱ्या बकरीला विसरते." मुकर्रमची मुलगी रांगायला लागली त्या वर्षी त्यांनी तिला समोर बसवून ठरावच करून टाकला. "ही शेवटची स्पर्धा. जिंकलीस आणि ताश्कंदवाल्यांनी संघात घेतलं, तर जा. पोर मी सांभाळीन, कोण काय म्हणतं ते मी बघून घेईन. नाही घेतलं तर हा पट माळ्यावर. कबूल?"

"कबूल, ओयी."

"रडणार नाहीस?"

"जिंकले तर रडेन."

प्रजासत्ताकाची महिला स्पर्धा त्या शरद ऋतूत पहिल्यांदाच कोकंदला होती, तेलगिरणीच्या सभागृहात. संघात एकच जागा रिकामी होती. संघात आलेल्या खेळाडूला कारखाना पगारी रजा देई, वर्षातून काही महिने ताश्कंदला ठेवून शिकवत. मुकर्रमला त्याच्यापुढचे काही नको होते. ती मला म्हणाली होती, "ओपा, मला एकदा पोटभर खेळायचंय. पोळ्या उलटायची घाई नसताना."

तिने त्या स्पर्धेसाठी एक शस्त्र परजून ठेवले होते. सिसिलियन बचावात ड्रॅगन नावाचा एक प्रकार आहे. काळ्या मोहऱ्यांनी खेळायचा. त्यात पांढरा राजा पटाच्या एका बाजूला किल्लेकोट करतो आणि काळा दुसऱ्या बाजूला. मग दोघे एकमेकांच्या घराला आग लावायला धावतात. ज्याची काडी आधी पेटेल तो जिंकला. बरोबरी त्यात क्वचितच होते. मुकर्रमने त्यात शोध लावला होता तो असा, की सगळे काळा हत्ती जपून ठेवतात त्या वेळी तो खुशाल द्यायचा. पांढऱ्या राजाच्या दारात राखण करणारा घोडा त्याने मारायचा. पांढऱ्याने प्यादे पुढे करून हत्ती घेतला की त्याच्या राजाचे कुंपणच मोडते आणि काळ्याची सगळी फौज आत शिरते. हत्ती घोड्यापेक्षा कितीतरी भारी, म्हणून असा व्यवहार कुणाच्या मनात येत नाही.

त्यात एक भोक होते. पांढऱ्याने हत्ती घेतलाच नाही तर? त्याच्याकडे दुर्लक्ष करून आधी आपला उंट काळ्या राजाच्या उंबऱ्यावर नेऊन उभा केला तर? मग काळ्याचीच दैना होते. दोमला आणि मुकर्रम यांनी त्या भोकावर उन्हाळाभर डोके फोडले. ते बुजेना. शेवटी दोघांनी ठरवले की घड्याळ चालू असताना, समोर मोफत हत्ती दिसत असताना, ही चाल कुणाला सुचणे शक्य नाही. हे ठाऊक असलेली माणसे तीनच होती. ती, दोमला, आणि पांढरी मोहरी घेऊन समोर बसणारा तोलिबजोन.

शेवटच्या फेरीपर्यंत ती ताश्कंदच्या इन्नापेक्षा अर्ध्या गुणाने मागे होती. इन्ना गोरीपान, अबोल मुलगी, मनगटाएवढ्या जाड दोन वेण्या. शेवटचा डाव या दोघींचाच होता आणि मुकर्रमकडे काळी मोहरी होती. बरोबरी झाली तर इन्ना संघात. मुकर्रमला जिंकायलाच हवे होते.

"बरं झालं," ती म्हणाली. "जिंकायचंच आहे म्हटल्यावर घाबरायला जागाच उरत नाही. हत्ती देणार."

त्याआधीच्या रविवारी दोमलांकडे गश्तक होते. गश्तक म्हणजे गल्लीतल्या पुरुषांची पंगत. आलटून पालटून एकेकाच्या घरी जमायचे, पुरुषांनीच अंगणात पुलाव शिजवायचा, एका मोठ्या ताटाभोवती बसून हाताने खायचा आणि मग चहावर तासन्‌तास बोलत बसायचे. तिथे बोललेले बाहेर न्यायचे नाही, बायकोलाही सांगायचे नाही, हा त्यांचा कायदा. बाहेर बोलणारा गश्तकमधून गेला म्हणून समजायचे, आणि गश्तकमधून गेलेल्याच्या घरी लग्नाला कुणी जात नाही. मन्सूर गेले होते. तोलिबजोनही गेला होता. मास्तर, औषधवाले, हिशेबनीस अशा मंडळीत तो एकटाच ट्रकवाला आणि वयाने सर्वांत लहान. त्याला त्यांनी त्याच वर्षी घेतले होते, त्यामुळे तो शर्ट इस्त्री करून जाई. माझ्या रोजनिशीत त्या रविवारच्या पानावर वारा फार होता एवढेच आहे.

डावाच्या दिवशी सभागृह भरले होते. मी आणि होजार-ओयी तिसऱ्या रांगेत बसलो. त्यांच्या मांडीवर नात झोपली होती.

"कोण जिंकतंय?" त्यांनी विचारले.

"अजून कुणी नाही, ओयी."

"मग इतका वेळ करताहेत काय?"

"विचार."

"एवढा विचार करून मी लग्नसुद्धा केलं नाही."

पुढच्या रांगेतून कुणीतरी शुक् केले. ओयींनी त्याच्या टोपीकडे बघून तोंड वाकडे केले.

भिंतीवरच्या मोठ्या पटावर चाली लागत होत्या. ड्रॅगनच झाला. पांढरी प्यादी काळ्या राजावर चालून येऊ लागली. मुकर्रम नेहमीसारखी बसली होती, कोपर टेबलावर, गालाखाली मूठ. मग तिने हत्ती उचलला आणि घोडा मारला. सभागृहात कुजबुज झाली. मागून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "अरे, पोरीचा हात चुकला!"

इन्नाने डोके वर केले नाही. घड्याळाकडे पाहिले नाही. हत्तीकडेही पाहिले नाही. तिने उंट उचलला आणि काळ्या राजाच्या उंबऱ्यावर ठेवला.

मला एवढेच कळले की असे व्हायला नको होते. मुकर्रमची मूठ गालावरून खाली आली. ती पटाकडे थोडा वेळ पाहत राहिली आणि मग मान वर करून प्रेक्षकांत पाहू लागली. पहिल्या रांगेत इन्नाचे प्रशिक्षक रवशान सायदोविच मांडीवर हात ठेवून निवांत बसले होते. त्यांच्या शेजारी दोमला चष्मा पुसत होते. पुसून डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढून पुसू लागले. दोमलांवरून तिची नजर दाराकडे गेली. तिथे तोलिबजोन उभा होता. तिने पाहिले आणि त्याने मान खाली घातली.

नंतर ती खूप वेळ खेळली. तिने एवढा चिवट बचाव केला की इन्नाच्या कपाळावर घाम आला आणि शेवटी तिनेच बरोबरी देऊ केली. मुकर्रमने मान हलवून नाही म्हटले. बरोबरीचा तिला उपयोग नव्हता. ती पुढे खेळत राहिली आणि हरली. उठून हात मिळवला, कागदावर सही केली, मुलीला सासूच्या मांडीवरून उचलले आणि घरी गेली.

थोड्या वेळाने होजार-ओयी बुटक्या दारातून मला बोलवायला आल्या. "चल बाई. ती ओरडतही नाही, रडतही नाही. मला भीती वाटते."

द्राक्षाच्या मांडवाखाली तोलिबजोन खाटेच्या कडेला बसला होता. मुकर्रम उभी होती.

"दोमलांनी सांगितलं ना?" ती म्हणाली.

त्याने खाटेची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली.

"मी विचारतेय. दोमलांनी ताश्कंदवाल्याला सांगितलं?"

"गश्तकमध्ये बोलणं झालं."

"तो कसा आला गश्तकमध्ये?"

"गावात आलेला पाहुणा. त्याला सोडून जेवायचं?"

"आणि तुम्ही तिथं होता."

"होतो."

"पट मांडला होता?"

"मांडला."

"भोकसुद्धा दाखवलं?"

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मुकर्रम, त्यानं आमच्या ताटात हात घातला होता. आमच्याबरोबर जेवला. तिथलं बोलणं तो बाहेर नेईल असं कुणाच्या मनात तरी येईल का?"

"तो ताश्कंदचा आहे हो! त्याला तुमचं ताट काय आणि टपरीवरची बशी काय!"

"मला काय ठाऊक?"

"तुम्ही घरी आलात. त्यानंतर तीन वेळा माझ्यासमोर बसून पांढरी मोहरी खेळलात. तीन वेळा मी हत्ती दिला. तुम्ही घेतलात. 'छान' म्हणालात."

तोलिबजोनने दोन्ही हातांत डोके धरले. "तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नसतं. मला नुकतंच घेतलंय त्यांनी. सगळ्या गल्लीत तोंड दाखवायचंय मला."

"मी बाहेरची?"

होजार-ओयींनी हातातला चहाचा वाडगा खाटेवर आपटला. "अरे गाढवा," त्या लेकाला म्हणाल्या, "मीसुद्धा तुझ्या बापाच्या गश्तकमधलं काही विचारलं नाही कधी. पण आग लागली असती तर तो म्हणाला असता की बाई, घराबाहेर ये. तू तेवढंही नाही म्हणालास."

दुसऱ्या दिवशी दोमला आले, टोपलीभर अंजिरे घेऊन. मुकर्रमने त्यांना मानाच्या जागी बसवले, चहा ओतून दिला. ते बोलू लागले.

"त्यानं आम्हाला गावंढळ म्हटलं, बेटी. म्हणाला, खोऱ्यातल्या लोकांना मोहरी अदलाबदल करण्यापलीकडे काही येत नाही. दहा माणसांसमोर म्हणाला. ऐकून घ्यायचं?"

"मग तुम्ही पट काढलात."

"काढला. हत्ती देऊन दाखवला. तोंडात घास तसाच राहिला त्याच्या."

"तिथंच थांबायचं होतं, दोमला."

"मग तो म्हणाला, दिसायला झकास आहे, पण भोक असणार. तुम्हाला सापडलं नसेल एवढंच. आता सांग! मी काय आंधळा आहे? मी म्हटलं, तेही मी शोधलंय."

"'मी' म्हणालात?"

दोमलांनी चहाचा घोट घेतला. "बोलण्याच्या ओघात गेलं तोंडातून."

"आणि हत्ती द्यायचं कुणाला सुचलं म्हणून सांगितलंत?"

"तू माझीच ना? माझ्या हाताखाली शिकलीस. त्यात तुझं-माझं काय करायचं?"

मुकर्रमने त्यांचा वाडगा पुन्हा भरला. इथे पाहुण्याचा वाडगा अर्धा भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरून त्याला बसवून घेता येते. तिने तो काठोकाठ भरला. काठोकाठ भरलेला वाडगा म्हणजे पिऊन निघा. दोमलांनी वाडग्याकडे पाहिले. ते साठीचे गृहस्थ, साऱ्या गल्लीत असा वाडगा त्यांच्यापुढे कुणी ठेवला नसेल. न पिताच ते उठले. अंजिरे तशीच राहिली. ती होजार-ओयींनी बकरीला घातली.

मन्सूरना मी त्याच संध्याकाळी विचारले, की तुम्हीही तिथे होतात ना? ते म्हणाले, "मला बुद्धिबळ कुठं कळतं?"

"दोमला पट मांडून पाहुण्याला काहीतरी दाखवताहेत हे तर दिसत होतं?"

"दिसत होतं," ते म्हणाले आणि द्राक्षाच्या वेलाला पाणी घालायला गेले. वेलाला सकाळीच पाणी घातले होते.

संघात इन्ना गेली. वसंतात ताश्कंदहून निघणाऱ्या बुद्धिबळाच्या पत्रिकेत हत्ती देण्याची चाल छापून आली, शोध लावणारे म्हणून दोमलांच्या नावानिशी, आणि खाली उदाहरण म्हणून मुकर्रम हरलेला डाव. दोमलांनी शाळेत तो अंक सगळ्यांना दाखवला म्हणतात. मुकर्रमने तो पाहिला नाही.

पट मात्र माळ्यावर गेला नाही. तिने स्वतःहून तो काढून ओयींच्या पुढ्यात ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "ठराव हरण्याचा होता, विकलं जाण्याचा नव्हता. उचल तो. मला बसायला जागा दे."

पण तो अंक यायच्या आधी, त्याच हिवाळ्यात, गश्तकची पाळी तोलिबजोनकडे आली होती. पाळी टाळता येत नाही. मुकर्रमने गाजरे बारीक चिरून दिली, पोळ्या भाजल्या, खोली झाडून जेवणाचे दस्तरखान अंथरले. मी मदतीला होते. दोमलाही आले. गश्तक सोडणे म्हणजे कबुली देणे, त्यामुळे ते आले, आणि सगळ्यांनी त्यांना नेहमीच्या जागी बसवले. तोलिबजोनने पुलावाचे ताट आणून मधोमध ठेवले. दोमलांनी दुवा म्हटली. पहिला हात ताटाकडे जाणार तोच मुकर्रमने ओले हात फडक्याला पुसले, स्वयंपाकघरातून सरळ त्या खोलीत गेली आणि नवऱ्याच्या शेजारी मांडी घालून बसली.

मी दारात उभी होते. त्या खोलीत पंगत चालू असताना बाई बसलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. त्यांच्यातल्या कुणीच पाहिली नसावी.

औषधवाला हळूच म्हणाला, "केलिन, काही हवं होतं का?"

"नाही, अका," थोरल्या भावाला म्हणावे तसे ती म्हणाली. "इथलं बोलणं बाहेर जात नाही म्हणे. म्हणून आत बसले."

तिने ताटात हात घातला, घास घेतला, सावकाश चावला. मग दुसरा घेतला. "जेवा ना," ती म्हणाली, "थंड होतोय." तोलिबजोनने खाली मान घालून एक घास घेतला. बाकीच्यांनी हात मांडीवरच ठेवले. दोमला सगळ्यांत आधी उठले, मग एकेक करून सगळे. मन्सूरही उठले. दाराशी त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. आतून होजार-ओयी नातीला कडेवर घेऊन आल्या, रिकाम्या गाद्यांकडे पाहिले आणि खाली बसल्या. "एवढा तांदूळ वाया घालवायचा?" म्हणाल्या आणि जेवू लागल्या. मलाही त्यांनी हाताला धरून बसवले.

त्यानंतर आमच्या गल्लीत गश्तक जमले नाही. दोष सगळ्यांनी मुकर्रमला दिला. तोलिबजोनला पुढे दुसऱ्या कुठल्याही गश्तकमध्ये घेतले नाही. तो तिच्यावर कधी चिडला नाही, हे मला सांगितले पाहिजे. तीही त्याच्याशी भांडली नाही. दोघांनी संसार नेटका केला, मुलीचे लग्न केले, ओयींचे दुखणे काढले. फक्त त्याने समोर बसून पांढरी मोहरी मांडायला घेतली की ती म्हणायची, "राहू द्या, पीठ मळायचंय." वर्षभराने त्याने मांडायचे सोडले.

स्पर्धांना ती पुन्हा गेली नाही. ती पत्राने खेळू लागली. चिता, आर्खांगेल्स्क अशा लांबलांबच्या गावांतल्या न पाहिलेल्या लोकांशी. एका कार्डावर एक चाल. कार्ड जायला आणि यायला आठवडे लागत, त्यामुळे एकेक डाव दोन-दोन वर्षे चाले. डाव मांडलेला पट ती अलमारीत ठेवी आणि अलमारीला कुलूप लावी. किल्ली गळ्यात.

टपाल कचेरी तोलिबजोनच्या वाटेवर होती. कार्डे तोच आणायचा. मागच्या बाजूला दोन आकडे, दोन अक्षरे आणि सही, बस. शेवटपर्यंत तो अंगणात येऊन कार्ड तिच्या हातात देताना विचारायचा, "काय चाल आलीय?"

"उघडंच कार्ड आहे," ती म्हणायची. "वाचा की."

तो कार्ड उलटे-सुलटे करून पाहायचा. पट कुलपात होता, नुसत्या चालीवरून डाव कळायचा नाही. मग तो कार्ड तिला देऊन हातपाय धुवायला जायचा, आणि तो नळावर पोचल्याची खात्री झाल्यावरच ती गळ्यातली किल्ली काढायची.